सतराव्या पेटीतला बाण

७ फेब्रुवारी

नाना,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नका. मी ठीक आहे, तुमचे चिरंजीवही ठीक आहेत. पत्र लिहायची वेळ आली कारण गेल्या महिन्यात मी तुम्हाला एकच गोष्ट फोनवर चार वेळा विचारली, आणि चारही वेळा तुम्ही "नीट ऐकू येत नाही, हिच्याकडे देतो" म्हणून फोन आईंच्या हातात दिलात. शेवटच्या वेळी मी आईंना अगदी हळू विचारलं, "नानांना खरंच कमी ऐकू येतं का हो?" तर मागून तुमचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतं."

म्हणून आता लेखी.

एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही टेकडीमागे जो बोअर घेतलात, त्यातून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेट्यांत मांडल्यात; त्यांतल्या सतराव्या पेटीतला एक तुकडा आमच्या साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात असतो. वीतभर लांबीचा. दगड साडेतीनशे कोटी वर्षांचा. त्यात केसासारखे बारीक थर आहेत आणि थरांना छोटे छोटे सुळके आलेत. साहेबांनी तेव्हा लिहिलं की हे सुळके जिवाणूंनी बांधले. उथळ पाण्यात जिवाणूंची साय धरते, तिच्यावर गाळ बसतो, जिवाणू उजेडासाठी गाळातून वर येतात, पुन्हा साय धरते. असं होत होत सुळका वर वाढतो, कारण उजेड वरून येतो. साहेबांनी हे तुम्हाला शंभरदा सांगितलं असेल. तरी लिहिते, म्हणजे पुढचा प्रश्न कळेल.

मंगळावर जी गाडी जाणार आहे, तिच्यासाठी आम्ही चित्रांचं पुस्तक तयार करतोय. तिथल्या कोरड्या तळ्याच्या काठी कसला दगड दिसला तर थांबायचं आणि नमुना घ्यायचा, हे त्या पुस्तकावरून ठरणार. गाडीत जागा आहे तीस नमुन्यांना. पुस्तकातलं पहिलं चित्र तुमच्या सतराव्या पेटीतलं आहे. पुस्तक सप्टेंबरअखेर बंद होईल, मग त्यात काना-मात्राही बदलता येणार नाही.

मी तुमच्या सगळ्या पेट्यांचे फोटो मोठे करून बघितले. इतर पेट्यांत दगडाची वरची बाजू दाखवणाऱ्या तुमच्या लाल बाणावर बोअरच्या चिखलाचे शिंतोडे आहेत. म्हणजे बाण आधी, शिंतोडे नंतर. सतराव्या पेटीत उलट आहे. तिथे चिखल वाळलाय आणि लाल रंग त्याच्यावर आहे.

तर प्रश्न एवढाच: त्या पेटीतले बाण तुम्ही बोअरवरच काढलेत, की नंतर शेडमध्ये?

सोबत कार्ड जोडलंय. पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. दोन चौकोन आहेत, एकात खूण करा. पोस्टात टाका. झालं.

सून

---

२६ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद. कार्ड पोचलं. कागद चांगला जाड आहे. कपाटाचं दार हलत होतं, तुझ्या सासूने कार्ड चार घड्या करून त्याच्या पायाखाली सरकवलं. आता दार वाजत नाही.

शेडचे दोन पत्रे उडालेत. तीन अर्ज दिले. नवीन पहारेकरी आलाय, त्याला बोअरचा दगड आणि ड्रेनेजचा पाइप यांतला फरक कळत नाही. पेट्यांच्या मांडणीला सायकल टेकवून ठेवतो. मी सांगितलं तर म्हणाला, "आजोबा, दगडच आहेत." मी पेन्शनीत निघालो त्याला चौदा वर्षं झाली, तरी किल्ली माझ्याकडेच राहिली ते बरं झालं.

तुझ्या नवऱ्याला दाढ दाखवून घ्यायला सांग. फोनवर बोलताना एका बाजूने बोलतो, ते मला इथे कळतं.

मंगळाचं वाचलं. तिथे माणूस नाही, पाणी नाही, रस्ता नाही, आणि गाडी चाललीय. इथे शेडपर्यंत यायला रस्ता नाही, त्याचं काय ते कुणी बघत नाही.

बाणाचं विचारलंस. बाण म्हणजे बाण. टोक असेल तिकडे वर. दोनशे बारा मीटर, एकाहत्तर पेट्या. एकतीस वर्षांत माझ्या बाणावर कुणी बोट ठेवलेलं नाही.

नाना

---

५ मार्च

नाना,

मी बोट ठेवत नाहीये. मी विचारतेय.

तुम्ही पत्र्याचं लिहिलंत, पहारेकऱ्याचं लिहिलंत, दाढेचं लिहिलंत. (दाढ दाखवली. तुमचं बरोबर होतं. आता ते मला दोन दिवस ऐकवताहेत की बाबांना लांबून कळलं आणि तुला जवळून कळलं नाही.) जे विचारलं तेवढं सोडून सगळं लिहिलंत.

तुम्हाला वाटत असेल, बाण कधी काढला याने काय बिघडतं. सांगते. जिवाणूंनी बांधलेला सुळका वरच वाढतो. पण दगड खोल पुरला गेला, दाबला-चेपला गेला, की नुसत्या दाबानेही थरांना दात येतात. त्या दातांना वर-खाली काही नसतं, ते कुठेही तोंड करतात. म्हणजे सुळके वर असतील तर आपण म्हणू शकतो, इथे काहीतरी जिवंत होतं. खाली असतील तर तो नुसता चेपलेला दगड. सगळा फरक वरची बाजू कोणती यावर आहे. आणि वरची बाजू कोणती, हे या जगात फक्त तुमच्या बाणावरून माहीत आहे.

मंगळावरून नमुना आणायला किती वर्षं लागतील माहीत नाही. तो आणला आणि तो चेपलेला दगड निघाला, तर ती जागा वाया गेली. याहून वाईट म्हणजे, तो चेपलेलाच आहे हे कुणाला कळलंच नाही आणि आम्ही जीव सापडला म्हणून सांगत सुटलो तर?

मी नवीन कार्ड पाठवतेय. पातळ कागदाचं.

सून

---

३० मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. आता माझं वय झालं. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कुठल्या दिवशी काय केलं हे माणसाच्या लक्षात राहत नाही. काल चष्मा शोधत होतो, तो कपाळावर होता. परवा पहारेकऱ्याला जुन्या पहारेकऱ्याच्या नावाने हाक मारली. असं चाललंय.

तू हुशार आहेस. साहेब तर तुझ्याहून हुशार आहेत. त्यांनी तो तुकडा पाहून जे लिहायचं ते लिहिलं. म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारून काय होणार?

इकडे पाण्याची वेळ बदलली आहे. बाकी ठीक.

नाना

---

११ एप्रिल

नाना,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच तुमच्या चिरंजीवांना दाखवलं. मी इतके दिवस वैतागत होते आणि मला हे सुचलंच नाही की तुम्हाला खरंच आठवत नसेल. माफ करा.

आम्ही दोघांनी बोलून तुमच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. स्मरणशक्तीचेच डॉक्टर आहेत. चोवीस तारखेला, सकाळी अकरा. आई सोबत येतील. नुसती तपासणी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. लवकर कळलं तर औषधं असतात म्हणे. नाही म्हणू नका, तुमचे चिरंजीव तीन दिवस नीट जेवलेले नाहीत.

बाणाचं सध्या राहू दे.

सून

---

२ मे

पोरी,

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. पण आता तुम्ही दोघांनी मला हात टेकायला लावलेत.

डॉक्टरांनी ह्यांना घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी घड्याळ काढलं, वर किल्ली द्यायची जागाही काढली. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले, तर हे दोनपर्यंत गेले आणि पुढे जाऊ का म्हणून विचारलं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, ते ह्यांनी सरळ सांगितले, मग उलटे सांगितले. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, ह्यांना इथे का आणलंत?" मी काय सांगणार?

ह्यांना सगळं आठवतं. आमच्या लग्नात कोण न जेवता गेलं तेसुद्धा आठवतं. चष्मा कपाळावर वगैरे सगळं खोटं. आणि अजून एक सांगते. तुझं पहिलं पत्र आल्यापासून रोज जेवण झालं की शेडमध्ये जातात आणि त्या सतराव्या पेटीपुढे स्टूल टाकून बसतात. विचारलं तर म्हणतात, धूळ पुसतोय. पेटी इतकी पुसलीय की पत्र्यात तोंड दिसतं.

काहीतरी आहे. तू विचार. पण चौकोन पाठवू नकोस. ह्या माणसाने जन्मात कधी चौकोनात खूण केलेली नाही.

तुझी सासू

---

९ मे

नाना,

आईंचं पत्र आलं. तुमची तब्येत उत्तम आहे हे कळून आम्हाला बरं वाटलं. तुमचे चिरंजीव जेवायला लागले. आता मी मोकळेपणाने चिडू शकते.

तीन महिने तुम्ही मला खेळवलंत. मी तुमच्या काळजीने रडले, आणि तुम्ही तिकडे पत्रा पुसत बसला होतात.

मी आता बाण कधी काढलात असं विचारतच नाही. त्या दिवशी काय झालं, ते सांगा.

सून

---

२० मे

सूनबाई,

बस. लिहितो. एकदाच लिहीन, मध्ये मध्ये विचारू नकोस.

त्या दिवशी सकाळी पंपाचा होज फुटला. आम्ही अठ्ठेचाळीस मीटरवर होतो. एक्कावन्नला पोचलो, नळी वर काढली, पण सगळीकडे पाणी आणि चिखल, मी नखशिखांत भिजलेला. माझी पद्धत अशी की दगड नळीतून बाहेर पडला की पेटीत ठेवायच्या आधी बाण काढायचा. त्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी ओल्या दगडावर रंग धरेना. म्हणून मी तीन मीटरचा माल ओळीने पेटीत ठेवला आणि ठरवलं की शेडमध्ये वाळवून मग बाण काढू. जोडीदार नवा होज आणायला गेला होता. पेटी मी एकट्याने उचलली.

शेडच्या पायरीवर पाय घसरला. मी नाही पडलो, पेटी पडली.

बारा तुकडे होते. शेडच्या फरशीवर पांगले. मी दार लावून घेतलं आणि जुळवत बसलो. दगड जिथे तुटतो तिथे त्याची तोंडं एकमेकांत बसतात, बशी फुटल्यावर बसतात तशी. तळाच्या तुकड्याला नळीत दगड धरून ठेवणाऱ्या कडीचे ओरखडे असतात, त्यावरून खालची बाजू कळते, तिथून सुरुवात केली. अकरा तुकडे बसले. त्या अकरांबद्दल तू मला आजही झोपेतून उठवून विचार. बाराव्याची जागाही कळली, कारण तेवढीच रिकामी होती. पण त्याची दोन्ही तोंडं नळीत फिरून फिरून घासली गेली होती. गुळगुळीत. असा ठेवला तरी बसे, तसा ठेवला तरी बसे.

साहेब दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येणार होते. मी तो तुकडा एकदा असा धरला, एकदा तसा धरला. असा धरला तर आत बारीक बारीक डोंगर दिसत. उलटा धरला तर दात लोंबत. डोंगराचं टोक वर असतं. मी ब्रश उचलला आणि बाण काढला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो बघितला आणि पँट खराब होईल याचा विचार न करता फरशीवर गुडघे टेकले. मग मला मिठी मारली. आपल्या फ्लास्कमधला चहा मला दिला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, पाहुणे गेल्यावर सांगू. पाहुणे गेले तेव्हा साहेब त्यांच्याबरोबर गेले. मग सहा महिन्यांनी छापून आलं. मग साहेब परदेशात बोलायला गेले. मग मला कळेना की कुणाला सांगायचं. पुढे तू आमच्या घरात आलीस, तर तूही त्याच तुकड्यावर शिकलेली. साहेबांनीच तुला इकडे नमुने मोजायला धाडलं होतं, म्हणून तर तुम्हा दोघांची गाठ पडली. आता काय, मी म्हणू की तो बाण मी मनाने काढला?

विसरण्याचं म्हणशील, तर एवढी एक गोष्ट विसरता आली असती तर माझं भलं झालं असतं.

नाना

---

३१ मे

नाना,

पत्र तीनदा वाचलं. मला राग आलाय आणि तो तुम्हाला कळावा म्हणून लिहितेय. पेटी पडण्याचा राग नाही. पेट्या पडतात. माझ्या हातून गेल्या वर्षी अख्खा मायक्रोस्कोप पडला. तुम्ही पहिल्या कार्डावर एका चौकोनात खूण केली असतीत, तर आपले चार महिने वाचले असते.

आता माझंही एक सांगते, जे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ते चिखलाचे शिंतोडे मला डिसेंबरमध्येच दिसले होते. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, या तुकड्यातून खडूएवढी कांडी कापू द्या, बाण बरोबर आहे का तपासते. साहेब म्हणाले, "तू मिस्त्रींच्या बाणावर शंका घेतेस? स्वतःच्या सासऱ्यांच्या?" आणि कपाटाची किल्ली खिशात टाकली. लेखी कारण असल्याशिवाय तुकड्याला करवत लागणार नाही म्हणाले. म्हणून मी तुमच्या मागे लागले होते. मला वाटलं होतं, तुम्ही "बोअरवरच काढले" लिहाल, माझी शंका खोटी ठरेल आणि विषय संपेल. खरं तर मला तेच हवं होतं. माझ्या पीएचडीची दोन प्रकरणं त्या तुकड्यावर उभी आहेत.

तपासायची पद्धत अशी. दगडात लोखंडाचे बारीक कण असतात, त्यांत पृथ्वीच्या चुंबकाची खूण उमटून राहते. तुमच्या त्या पेटीतल्या सगळ्या तुकड्यांत ती एकाच बाजूला असायला हवी. उलटा ठेवलेला तुकडा असेल तर त्याची खूण बरोबर उलटी येईल. त्याला बाण लागत नाही, रंग लागत नाही.

त्यासाठी तुमचं पत्र साहेबांना दाखवावं लागेल. दाखवू का? तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरा काही मार्ग शोधेन. कोणता ते माहीत नाही.

सून

---

८ जून

सूनबाई,

दाखव. तुझ्या शब्दांत सांगत बसू नकोस, पत्रच हातात दे. माझं अक्षर ते ओळखतात.

नाना

---

२२ जुलै

नाना,

तुकडा उलटा होता.

साहेबांनी तुमचं पत्र उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. मग स्वतः उठून कपाट उघडलं आणि तुकडा माझ्या हातात दिला. कापताना समोर उभे राहिले. तुम्ही पाठवलेल्या अकरा तुकड्यांच्या कपच्यांची खूण एका बाजूला आली, बाराव्याची बरोबर उलट्या बाजूला. मी मोजमाप तीनदा केलं. चौथ्यांदा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं, त्यांना कुठला तुकडा कोणता हे न सांगता. त्यांचंही तेच आलं. तुमचे अकरा बाण अकराच्या अकरा बरोबर आहेत, हेही सांगते.

म्हणजे सुळके खाली तोंड करून होते. खाली कुणी उजेडाकडे वाढत नाही. ते चेपलेले थर आहेत, इतकंच. एकदा हे माहीत असलं की मायक्रोस्कोपखालीही दिसतं, थर टोकाशी ताणून पातळ झालेत; जिवाणूंनी बांधले असते तर तिथे जाड असते. हे मी सहा वर्षं रोज बघत होते आणि मला दिसलं नाही. याचा जास्त संताप कुणावर करायचा, तुमच्यावर की माझ्यावर, हे अजून ठरत नाहीये.

साहेब चार दिवस ऑफिसला आलेले नाहीत. बाकी लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मीच काहीतरी फोडलं. एक जण म्हणाला, "तुला घरातलं घरात मिटवता आलं नसतं का?" माझी दोन प्रकरणं गेली.

पुस्तकाचं सांगते. ते चित्र पहिल्या पानावरून काढलं आणि मागच्या भागात घातलं, "हे जिवंत वाटतं, पण नाही" या मथळ्याखाली. गाडीच्या लोकांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, शोधायचं काय याची आमच्याकडे नव्वद चित्रं आहेत, फसायचं कुठे याची फक्त चार. हे पाचवं. आणि एवढे लोक एवढी वर्षं फसले असं दुसरं एकही नाही. त्यांनी नवीन नियमही घातला: मंगळावर नमुना कापायच्या आधी वरची बाजू कोणती हे गाडीने दगडावर खूण करून ठेवायचं, दगड हलवायच्या आधी. मी त्यांना सांगितलं की हा नियम जुना आहे.

तुम्ही काही लिहिलं नाहीत तर मी समजेन की तुम्ही रागावलात. रागावू नका. तो माझा मान आहे सध्या.

सून

---

१६ ऑगस्ट

सूनबाई,

साहेब इथे येऊन गेले. तुला सांगितलं असेल-नसेल म्हणून लिहितो.

गुरुवारी दुपारी रिक्षातून उतरले. काठी आहे हातात. त्यांना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, खूप वाळलेत. घरात न येता म्हणाले, "शेड उघडा." मी किल्ली घेतली. पहारेकरी उठून उभा राहिला, सायकलही काढली. त्याला कळलं की कुणीतरी मोठं माणूस आहे.

सतराव्या पेटीपुढे स्टूल होतंच. साहेब त्यावर बसले. मी उभा. बराच वेळ ते पेटीतल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही विचारलं का नाही?"

मला असं बोलायचं नव्हतं. आयुष्यात त्यांना उलटून बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "पेटीत चिखल रंगाच्या खाली होता. मला तो त्याच दिवशी दिसला होता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. या वेळी खरंच. म्हटलं, "दिसला होता?"

"दिसला होता. मी गुडघे टेकून बसलो होतो, नाकापुढेच होता. मनात आलंही की मिस्त्रींना विचारू या. मग सुळके बघितले आणि नाही विचारलं. तुम्ही 'आठवत नाही' म्हणाला असतात तर माझ्या हातून ते गेलं असतं."

म्हणजे बघ. मी एकतीस वर्षं मानेवर ओझं घेऊन फिरतोय की साहेबांना फसवलं, आणि त्यांना पहिल्याच दिवशी शंका आली होती. मला इतका वैताग आला की मी बाहेर जाऊन पंपावर तोंड धुतलं. परत आलो तर साहेब एकेका पेटीचा बाण बघत हळूहळू पुढे चालले होते. एकाहत्तरपर्यंत गेले. काठी टेकत. म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे हो." मी म्हटलं, "ते मला माहीत आहे."

तुझ्या सासूने चहा केला. ते दोन कप प्यायले. पन्नासाव्या पेटीच्या पुढे काळ्या थरांत बारीक सुळके आहेत, ते त्यांनी मला दाखवले. तिथे बाण चिखलाच्या खाली आहे, मी स्वतः दाखवला. सुळके वर आहेत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "कुणाला सांगू नका, आधी तपासू या." म्हणून तुलाच सांगतो. त्यांच्याआधी तू तपास.

माझा राग नाही. असता तर एवढं लिहिलं नसतं.

नाना

---

४ नोव्हेंबर

नाना,

सोबत दुरुस्तीचा छापील लेख आहे. चार पानं. त्यात मूळ दावा मागे घेतलाय, का ते सांगितलंय, आणि तुमच्या पत्रातला पेटी पडल्याचा भाग शब्दशः दिलाय. साहेबांनी आग्रह धरला की तुमचं नाव लेखकांमध्ये असलं पाहिजे. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही पत्र्याबद्दल उत्तर दिलं असतंत.

पन्नासाव्या पेटीपुढच्या काळ्या थरांवर काम सुरू केलंय. काहीही सांगण्यासारखं नाही. खरंच नाही, लपवत नाहीये. मार्चपर्यंत विचारू नका.

तीन नकार-पत्रं, दोन समित्या आणि साहेबांचे रोजचे सात फोन यांतून वाट काढून हे लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका.

सून

---

१९ नोव्हेंबर

सूनबाई,

आशीर्वाद. लेख मिळाला. तुझ्या नवऱ्याने फोनवर ओळीन् ओळ वाचून अर्थ सांगितला. एक तास पंचवीस मिनिटं लागली. मला सगळं ऐकू आलं.

माझं नाव दुसरं आहे, तुझ्यानंतर आणि साहेबांच्या आधी. स्पेलिंग बरोबर आहे, मी अक्षर अक्षर लावून बघितलं. तुझ्या सासूने शेजारी दाखवलं. शेजारीण म्हणाली, "काय शोधलं ह्यांनी?" तुझी सासू म्हणाली, "काही नाही, चुकले." शेजारणीला काही उलगडा झाला नाही.

मग मी साहेबांचा जुना लेख काढला, तो एकतीस वर्षांपूर्वीचा. पेटाऱ्यात होता. तो पुन्हा बघितला. त्यात लिहिलंय, "विभागामार्फत बोअर घेण्यात आला." एवढंच. दोनशे बारा मीटर सरळ भोक पाडलं, अंगठा-बोटांची नखं गेली, सत्तर पेट्या जशाच्या तशा बिनचूक ठेवल्या, तेव्हा माझं नाव घालावं असं कुणाच्या मनात आलं नाही. एक तुकडा उलटा ठेवला, तर जगभर छापलं.

ही तुमच्या शास्त्राची पद्धत मला पटलेली नाही. साहेबांनाही तसं सांग.

पाच प्रती अजून पाठव. कुणाला द्यायच्या ते मी ठरवलंय.

नाना